ठकूची मोठी चूल

फार फार वर्षांपूर्वी उंच डोंगरांत एक राज्य होते. तिथे हिवाळा आला की वाटा बर्फाखाली जात आणि माणसे दारे लावून घरात बसत. त्या राज्यातल्या एका खेड्यात ठकू नावाची घोंगड्या विणणारी बाई राहत होती. सोबतीला धाकटी बहीण, गजरा. त्यांची आई लवकर गेली होती, त्यामुळे ठकूनेच तिला लहानाची मोठी केली होती.

घर फार जुने, लाकडाचे. खोली एकच, छत बुटके. फळ्या सुकून आकसल्या होत्या आणि फटींतून वारा आत येई. आदल्या हिवाळ्यात त्याच घरात त्यांचे वडील, तात्या, गारठून गेले. ठकू शेवटपर्यंत त्यांचे पाय चोळत बसली होती, पण चुलीला धगच उरली नव्हती. तेव्हापासून तिच्या मनाने एकच धरले होते, की या घरात पुन्हा कुणाला थंडी वाजता कामा नये.

पानगळ लागताच तिने चुली बांधणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले.

"बाबा, धर्मशाळेत आहे तेवढी चूल मला बांधून द्या."

गवंडी खोलीभर हिंडला. फटींपाशी हात धरून त्याने वारा पाहिला. "धर्मशाळेत वाटसरूंचे तांडे उतरतात, पोरी. तुझी खोली केवढी?"

"खोली केवढी ते विचारू नका. थंडी केवढी ते विचारा."

"थंडी या फटींतून येतेय. आधी त्या लिंपून घे, मग लहान चूल पुरेल. मोठ्या चुलीत पुरता जाळ केलास तर इथे बसवणार नाही. मग तू तो दाबशील. दाबलेली आग धुमसते आणि तिची काजळी धुराड्यात साचत जाते. ती पेटली तर आवरत नाही."

"आमचे तात्या लहान चुलीपाशीच गेले," ठकू म्हणाली.

मग गवंड्याने ती म्हणाली तशी चूल बांधून दिली. जुनी चूल मोडली.

पहिला बर्फ पडला तेव्हा ठकूने नव्या चुलीत मोठा जाळ केला. थोड्याच वेळात दोघी घामाने भिजल्या. दार उघडावे तर बोचरा वारा, लावावे तर जीव गुदमरतो. शेवटी ठकूने चुलीच्या तोंडाची झडप जवळजवळ बंद केली आणि लाकडे नुसती धुमसत ठेवली. पुढे रोजची तीच रीत झाली. घरात कडवट वास राहू लागला. गजरा खोकू लागली.

"ताई, ही चूल आपल्या घराला मोठी होतेय."

"खोकला बरा होतो, गजरे. थंडीने गेलेलं माणूस परत येत नाही."

ऐन हिवाळ्यात एका सकाळी कडाक्याचा गारठा पडला. ठकूला विणून झालेली घोंगडी शेजारी पोचवायची होती. आपल्या मागे बहिणीला थंडी वाजू नये म्हणून तिने चूल सुक्या लाकडांनी भरली, झडप सताड उघडली आणि बाहेर पडली.

जाळ वर चढला. धुराड्यात साचलेली काजळी डांबरासारखी पेटली. शेजारच्या अंगणातून ठकूने पाहिले, तर धुराड्यातून ज्वाळा निघत होत्या आणि छपराच्या फळ्या पेट घेत होत्या. ती धावत आत शिरली. गजरा मागाखाली पालथी पडली होती. ठकूने तिला घोंगडीत गुंडाळून ओढत बाहेर आणले. गावकऱ्यांनी छपरावर टोपल्या भरभरून बर्फ ओतला, पण घर वाचले नाही. दुपारपर्यंत तिथे काळी पडलेली चूल तेवढी उभी होती.

गजरा जगली. मात्र धुराने तिची छाती कायमची अधू झाली.

गवंडी भेटायला आला आणि राखेपाशी बसला. "मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, पोरी."

"तुम्ही सांगितलं होतंत, बाबा. पण मला खोली दिसतच नव्हती. फक्त तात्या दिसत होते."

बर्फ वितळल्यावर गावाने हातभार लावला आणि त्याच जागी तसेच बुटके घर उभे राहिले. या वेळी ठकूने आधी एकेक फट आपल्या हाताने लिंपली. मग गवंड्याने गुडघ्याएवढी चूल बांधली. पुढच्या हिवाळ्यात तिच्यात स्वच्छ, मोकळा जाळ पेटला आणि खोली ऊबदार राहिली. तिच्यात लाकूड थोडेच मावे, म्हणून ठकूला पुन्हा पुन्हा उठावे लागे. ती उठे, लाकूड आत सारी आणि परत मागावर बसे. शेजारी लोकर पिंजताना गजराला मध्येच धाप लागे, हात थांबत. ते आता कुणाला दुरुस्त करता येणार नव्हते. अशा वेळी ठकू माग थांबवून तिच्या पाठीवरून हात फिरवत राही.

ऐकणारे लहान असोत की मोठे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: ज्याला जपायचे, त्याची गरज पाहून माप घ्यावे, आपल्या भीतीच्या मापाने केलेली माया त्यालाच पोळते.