पंख नसलेल्याचा धडा

एका सागाच्या जंगलात एक पोपट शाळा चालवत असे. धडा एकच, सर्वांनी एका सुरात म्हणायचा, अशी त्याची शिस्त होती. उन्हाळा लागताच त्याने वणव्याचा धडा काढला : ‘वणवा दिसला, पंख पसरा. पंख पसरा, वर उडा.’ वर्गात मैना होती, बुलबुल होता आणि सशाचं एक पिल्लूही होतं. ते म्हणालं, “गुरुजी, मला पंख नाहीत. मी काय करू?” सगळा वर्ग हसला. पोपट खेकसला, “धड्यात नाही ते विचारू नकोस. वीस वेळा म्हण!”

पिल्लाने वीस वेळा म्हटलं. मुलांनो, मला तर इथेच राग येतो. त्याची आई शाळेत आली आणि हात जोडून म्हणाली, “गुरुजी, याला ओढ्याकडे पळायला शिकवा हो. मी सांगितलं तर म्हणतो, धड्यात तसं नाही.” पोपटाने मान फिरवली. “एकेकाला वेगळं शिकवत बसलो, तर धडा संपायचा कधी? माझ्या वर्गात सगळे सारखे!” सारखे म्हणे! डोळे उघडून पाहायचा आळस, आणि त्याला नाव मात्र समानतेचं.

आठवड्याभरातच भर दुपारी वणवा लागला. शाळेवर धूर येताच पोपट उडाला आणि त्याच्यामागे सारा वर्ग उडाला. पिल्लू तेवढं अंगणात राहिलं. पुढचे पाय पसरून ते धडा म्हणत होतं आणि उड्या मारत होतं. चरायला गेलेली आई धुरातून धावत आली, तिने त्याला मानगुटीला धरलं आणि ओढ्यापार ओढत नेलं. जीव वाचला, पण चारही पाय भाजले.

पोपट तिथे आला आणि म्हणाला, “असं कसं झालं? याला तर धडा सर्वांत चांगला पाठ होता!” पिल्लाने डोळे उघडले. “गुरुजी, माझी उडी कमी पडली का?”

“गप्प बस, बाळा,” आई कडाडली, “तुझं काही चुकलेलं नाही. आणि तुम्ही, गुरुजी! वर्षभर हा तुमच्या पुढ्यात बसला. याला पंख आहेत की पाय, एवढं तरी पाहिलंत का कधी?”

तात्पर्य : समोर कोण बसलं आहे हे न पाहता जो शिकवतो, त्याच्या हट्टाची शिक्षा शिकणाऱ्याला भोगावी लागते.