हौसाक्काची पुडी

गोष्ट तशी अडीच-तीन तपांमागची. पण आमच्या खांबवाडीत आज्जीचं नाव आठवायला नातवंडं डोकं खाजवतात, तेव्हा ही फार वर्षांपूर्वीचीच समजा आणि गप बसून ऐका.

तेव्हा गावात हौसाक्का नावाची सुईण होती. तिच्या हातावर नऊशे पोरं जन्मली आणि एकाचीही नाळ पिकली नाही, असं म्हणतात. तिनं पोटावर नुसता हात ठेवला की आडवं मूल आपणहून सरळ व्हायचं, असंही म्हणतात. पोटातली पोरं तिचं ऐकायची. बाहेरची मोठी माणसं मात्र ऐकायची नाहीत, आणि हाच तिच्या जन्माचा ताप. दिवसातून दहादा तरी ती कपाळावर हात मारून म्हणायची, "कपाळ माझं!" मारून मारून तिथं खळगा पडला होता.

खांबवाडी घाटाच्या पायथ्याशी, निम्मं गाव ट्रकवर. गडी महिना महिना मुलूखभर फिरायचे. येताना पोरांना खेळणी आणायचे, आणि कुणी कुणी एड्सही आणायचा. हौसाक्काला सरकारी दवाखान्यातून निरोधची खोकी मिळत. ती वाटायला निघाली की गडी दात काढायचे, "आक्का, वय काय तुझं आन् वाटतीस काय!" बायका तर पदर तोंडाला लावून पळायच्याच. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

असाच एक ड्रायव्हर होता दगडू. आधीची दोन पोरं गेल्यावर झालेला, म्हणून त्याच्या आईनं, बनाबाईनं, हे नाव ठेवलेलं. त्याचा ताप हटेना म्हणून हौसाक्का त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. रक्तात एचआयव्ही निघाला. परतीच्या एसटीत दगडूनं तिचे पाय धरले.

"आक्का, माझी शपथ हाय. कुणाला सांगशील तर माझं मेल्यालं तोंड बघशील."

त्याची बायको शेवंता तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिकडच्या दवाखान्यात तिचं आणि लेकीचं रक्त तपासलेलं होतं, ते चांगलं निघालं होतं. आणि आठवड्यानं शेवंता नांदायला परत येणार होती. शपथ मोडावी तर दगडूचा घात, पाळावी तर शेवंताचा. हौसाक्काला अन्न गोड लागेना.

शेवंता आली. बायका ओटी भरायला जमल्या. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, असे पाच जिन्नस पदरात पडले. हौसाक्कानं सहावा घातला. कागदात बांधलेली निरोधची पुडी.

"दगडूला दे. त्याला कळतंय," एवढंच ती म्हणाली.

बनाबाई मागनं म्हणाली, "पुढच्या दिवाळीला नातू दे म्हंजे झालं!" शेवंताच्या अंगावर तीन महिन्यांची पोर पीत होती, पण बनाबाईला घाई.

शेवंतानं पुडी नवऱ्याला दाखवली. आणि त्या शहाण्यानं काय सांगावं? "अंगारा असंल. देव्हाऱ्यात ठेव." सांगितलं, आणि त्याच पावली गाडी घेऊन आठवडाभरासाठी निघून गेला.

तो परतायच्या दिवशी हौसाक्का घरात डोकावली. बघते तर काय, देव्हाऱ्यात नारळाशेजारी पुडी! तिला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल, पुढं उदबत्ती. शेजारच्या दोघीजणी हात जोडून उभ्या. "आक्का, आमालाबी अंगारा दे की!"

"कपाळ माझं!" हौसाक्कानं असा हात मारला की पलीकडच्या तीन वाड्यांत ऐकू गेला, असं म्हणतात.

तेवढ्यात दगडूचा ट्रक दारात थांबला. हौसाक्का उंबऱ्यावर आडवी बसली.

"दगडू, शपथ मी पाळतीया. पर तू तुझ्या तोंडानं बोलल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई, आन् तुला आत सोडायची न्हाई."

"म्हातारीला येड लागलं!" बनाबाई ओरडली. लागू दे. तीन दिवस हौसाक्का हलली नाही. भाकरीचा तुकडा तोंडात घातला नाही. त्या तीन दिवसांत घाटातल्या एकाही ट्रकचं इंजिन सुरू झालं नाही, असं म्हणतात. पटत नसेल तर नका मानू. माझा सख्खा मामा कांद्याची गाडी घेऊन त्यात अडकला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंतानं रडती पोर हौसाक्काच्या मांडीवर दिली. हौसाक्कानं ती उचलून अंगणातल्या दगडूपुढं धरली.

"हिला आई पायजे का नगं? तेवढं सांग."

दगडू रडत रडत सगळं बोलला. रोग कुठला, पुडी कशाची, सगळं.

शेवंतानं पोर परत आपल्या कडेवर घेतली. मग म्हणाली, "आठ दीस मी त्या पुडीला हळद वाहिली. तुमाला ठावं हुतं आन् तुमी वाहू दिली?"

घाटातली इंजिनं तेव्हाच एका दमात सुरू झाली, असं म्हणतात.

आजच्यासारखी औषधं तेव्हा गावापर्यंत पोचत नव्हती. दगडू दोन वर्षं जगला. शेवंतानं त्याचं सगळं केलं, पण पुडी पुन्हा देव्हाऱ्यात गेली नाही. तिचं रक्त तीनदा तपासलं, तिन्ही वेळा चांगलं निघालं.

पुढं बनाबाईच्या पुतण्याचं लग्न झालं. नव्या सुनेची ओटी भरताना बनाबाई पुढं सरली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं पुडी पदरात घातली, आत काय आहे ते चारचौघांत सांगितलं आणि म्हणाली, "नारळ देवापुढं, पुडी उशाखाली. मी नातू मागत बसले गं, आन् हौसा माझी सून राखत बसली हुती."

तेव्हापासून खांबवाडीत ओटीला सहा जिन्नस. नवरा-नवरी दोघांनी 'नारळ देवापुढं, पुडी उशाखाली' हे वाक्य मोठ्यानं म्हटल्याशिवाय वरात उंबरा ओलांडत नाही. रक्त तपासल्याचा कागद तर हळदीआधीच लागतो.

पाराजवळ हौसाक्काची घुमटी आहे. तिला हळद-कुंकू वाहायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, अशी पाटीच आहे. आत मूर्ती नाही, निरोधचं खोकं आहे. ज्याला लागेल त्यानं न्यावं. शेवंता आता पिकल्या केसांची झाली, पण रोज सकाळी ते खोकं तीच भरते. आणि ते रिकामं दिसलं, की हसते.