भरल्या पानावरून

"कमाई वाढली म्हणतोस... पण कोणाची?" आत्मारामबुवांनी विचारलं.

जयवंत खासनिसांना हसूच आलं. मठात येण्याआधी बुवा शाळेत गणित शिकवायचे. सरासरी काढायला खासनिसांना शिकवलं ते याच बुवांनी, आणि आज असलं विचारतात!

"सगळ्यांचीच, गुरुजी. कार्यालयीन सेवा आणि सफाई, राज्यातलं हे अख्खं क्षेत्र सांख्यिकी खात्यात माझ्याकडे आहे. एजन्सीचे कारकून, पहारेकरी, झाडूवाल्या, घंटागाडीवाले... त्यांची माणशी कमाई मी काढतो. यंदा आकडा असा चढलाय, की वरून शाबासकीचा फोन आला."

"बरं, मग?"

"आज संध्याकाळी माझ्या सहीनं तो जाईल. सफाईवाल्यांची मजुरी वाढवायचा प्रस्ताव पडून आहे, तो बासनात. कमाई वाढलेलीच आहे, मग पुन्हा कशाला वाढवायची? सरळ हिशेब! तुमचा आशीर्वाद घ्यायला आलो."

बुवांनी ओसरीकडे पाहिलं.

तिथं दुपारची पंगत बसत होती. "चल, आधी जेव," एवढंच ते म्हणाले.

खासनीस भल्या पहाटे निघाले होते, वाटेत चहासुद्धा झाला नव्हता. पोटात कावळे कोकलत होते. ते पटकन मांडी घालून बसले. शेजारी पाचसहा बायका. महादू वाढप्यानं पानावर भात टाकला, वर वाफाळती आमटी ओतली. पण बुवांनी 'करा सुरू' म्हटल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही मठाची रीत. सगळे हात आवरून बसले.

बुवा शेजारच्या बाईकडे वळले. "कौसाबाई, हल्ली रोज इथंच जेवतेस. का गं?"

"काय सांगू बुवा! रस्ते झाडायचं मशीन आलं न् ठेकेदारानं आमची अख्खी टोळी घरी बसवली. चूल पेटंना, म्हणून येतो."

बुवा खासनिसांकडे वळले.

"जयवंता, या बाया तुझ्या आकड्यात आहेत?"

"नाही, गुरुजी. कामावर असतील तेवढेच धरतात. पद्धतच तशी आहे."

"आधी होत्या?"

"होत्या..."

"सगळ्यांत कमी पगार कोणाचा होता?"

"...यांचाच."

"या गेल्या, आणि तुझा माणशी आकडा चढला."

खासनीस उसळले. "पण आकडा खोटा नाही, गुरुजी! मी एक पैसा इकडचा तिकडे केलेला नाही!"

"खोटा आहे, असं कुठं म्हटलं मी?"

बुवांनी त्यांच्या पानाकडे बोट दाखवलं.

"ऊठ."

"अं?"

"पानावरून ऊठ."

सगळ्यांच्या माना वळल्या. भरल्या पानावरून माणूस उठवायचा? छे छे, वैऱ्यालासुद्धा कुणी असं करत नाही! आणि तेही या मठात, जिथून आजवर कुणी विन्मुख गेला नव्हता.

"अगं बाई!" कौसाबाईनं तोंडावर हात ठेवला. "असू द्या की बुवा... जेवू द्या त्यांना. माझ्यातलं घ्या हवं तर."

"तू गप बस."

खासनीस उठले. कान तापले होते. लाज वाटत होती, संताप येत होता, आणि भूक तर काही सुचू देत नव्हती. बुवांनी खूण केली तशी महादूनं त्यांचं पान उचललं. त्यावरचा भात त्यानं इतरांच्या पानांवर थोडाथोडा वाढून टाकला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला, कचेरीतून होता.

"साहेब, आकडा पुढं पाठवायचा ना? तुमच्या सहीसाठी थांबलोय."

"थांबा..." खासनिसांनी कौसाबाईकडे पाहिलं. "जरा थांबा."

त्यांनी फोन ठेवला. सगळ्यांची पानं समोर, आणि ते एकटेच खांबाला टेकून उभे.

"गुरुजी... मी सकाळपासून उपाशी आहे हो."

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी सावकाश नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"करा सुरू. आज माझ्या पंगतीत कुणीही उपाशी नाही."