पाळण्याची झडप

ज्या काळाचा हिशेब आता कुणाकडेच नाही, त्या काळी एका उंच कड्यावर एक गाव होते. कड्याच्या पायथ्याशी एकच झोपडी होती. तिथे एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण राहत.

बहिणीला चालता येत नसे. वर जायला दगडी पायऱ्या होत्या, पण त्या तिच्यासाठी नव्हत्या. तिच्यासाठी होता पाळणा.

हा पाळणा दोरीचा नव्हता, पाण्याचा होता. ओढ्यातून भरणाऱ्या वरच्या हौदातले पाणी नळातून खाली येई. त्याच्या जोराने जाड दट्ट्या वर सरके आणि त्यावरची लाकडी फळी माणसांना घेऊन अलगद वर चढे. नळाच्या खालच्या टोकाशी एक पितळी झडप होती. ती पाणी आत येऊ देई, पण मागे फिरू देत नसे. खाली उतरायचे झाले, की भाऊ वेगळी तोटी उघडून पाणी सोडून देई. सारा भार त्या मूठभर झडपेवर होता. पाळणा राखण्याचे काम भावाकडे होते.

बहीण रोज वर जाई. हौदाच्या काठी बसून मातीची खेळणी करी. मुले तिच्याभोवती गोळा होत आणि तिच्याशी भांडतसुद्धा.

"ताई, माझ्या बैलाला शिंगं लहान का?"

"तो अजून वासरू आहे. तू मोठा हो, तोही होईल."

एके दिवशी झडप गळू लागली. भावाने ती बाजारातल्या तांबटाला दिली. तांबट हाताचा चपळ होता. सकाळी नेलेली झडप त्याने संध्याकाळी आणून दिली, आरशासारखी लख्ख. भाऊ खूश झाला. पण महिना सरायच्या आत बहीण वर चढत असताना पाळणा मध्येच खचला. ती पडली नाही. मांडीवरची खेळणी मात्र फुटली.

गावातले वडीलधारे पायऱ्या उतरून खाली आले. एक आजोबा म्हणाले, "पोरा, तिचा जीव आम्हालाही प्यारा आहे. पुन्हा असं झालं, तर पाळणा कायमचा बंद करू."

पाळणा बंद म्हणजे बहीण कायमची खाली, हे सगळ्यांनाच कळत होते.

पोळा तोंडावर आला होता. बाजारातला तांबट पुन्हा आला आणि म्हणाला, "आण इकडे. उद्या दिवस मावळायच्या आत बसवून देतो. पोळ्याला तुझी बहीण वर असेल."

त्याच दिवशी नदीपलीकडून एक तांबटकाकू आल्या. त्यांनी झडप हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली.

"ही मी आज नेणार नाही. आधी मला तुमचं पाणी दाखव."

"काकू, दुखणं झडपेला आहे, पाण्याला नाही," भाऊ चिडून म्हणाला.

"भाकरी करपली, तर नुसती भाकरी बघतोस की चूलही बघतोस?"

"आणि पोळा?"

"पोळ्यापर्यंत होणार नाही. खोटं कशाला सांगू?"

भावाने बहिणीकडे पाहिले. तिच्या पुढ्यात मुलांसाठी केलेले बैल वाळत होते.

"दादा, मला वर जायचं आहे," ती म्हणाली. "पण मध्येच थांबायचं नाही. काकूंना पाणी दाखव."

काकू आणि भाऊ पायऱ्या चढून हौदापाशी गेले. काकूंनी हौदातल्या नळाच्या तोंडाशी हात घातला. बोटांना तांबडी, बारीक माती लागली. तिच्यात वाळूचे कण होते. हौदाच्या काठावर तशाच मातीचे ठसे वाळले होते. चार लहान, निमुळती बोटे. भावाने ती बोटे लगेच ओळखली.

"काकू, तिला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "सांगा की झडप जुनी झाली."

"मग ती उद्याही इथेच हात धुईल. तिच्यापासून लपवून तिला वर कसं नेणार?"

खाली आल्यावर काकू बहिणीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. एक बैल उचलून त्यांनी त्याची पाठ नीट पाहिली. मग म्हणाल्या, "पोरी, तू हौदात हात धुतेस. त्या मातीतले कण नळातून खाली येतात आणि झडपेला ओरखडे पाडतात."

बहिणीचे हात थांबले. "म्हणजे माझ्यामुळेच."

"मातीमुळे. तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि झडपेला बोलता येत नाही."

बहिणीने बोटे पदराला पुसली आणि मान खाली घातली. काकूंनी बैल जागेवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, "हात धुवायला परात ठेवू. पण ओढ्याचं पाणीही गढूळ असतं. मला नळाच्या तोंडाशी ठेवायला एक मोठं मडकं हवं. भोकं तळाला नकोत, काठाखाली हवीत. गाळ खाली बसेल आणि निवळ पाणी भोकांतून नळात जाईल. असं मडकं माझ्या हातून होत नाही. तुझ्या होईल?"

बहिणीने वर पाहिले. "भोकं केवढी?"

"ज्वारीच्या दाण्याएवढी."

"मग माती दोनदा चाळावी लागेल," ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला. "दादा, चाळण दे."

पोळा आला. बहीण वर गेली नाही. मुलेच धडाधड पायऱ्या उतरून आली आणि कुणाचा बैल दांडगा यावर झोपडीपुढे जोरात वाद झाला.

मग मडके भाजून तयार झाले. काकूंनी झडप घासून, ओरखडे काढून आणली. लख्ख नव्हती. ती बसवून त्यांनी धान्याची पोती पाळण्यावर चढवली, पाळणा वर नेला आणि त्या दुपारभर खाली बसून राहिल्या. पोती तसूभरही खाली आली नाहीत, तेव्हाच त्या म्हणाल्या, "आता बसव तिला."

पुढे किती पावसाळे आले, ओढा किती वेळा गढूळला, पण पाळणा पुन्हा मध्ये खचला नाही. त्याला बंद करण्याचे नाव कुणी काढले नाही. गावात कुणाचे काही बिघडले, की लोक आधी विचारत, "हे बिघडलं कशानं, ते शोधणारं कोण आहे?"

तात्पर्य : दुरुस्ती त्याच्याच हाती द्यावी, जो बिघाडाचे मूळ शोधतो आणि ते कुणाचे मन न दुखवता खरे सांगतो.