बोरीचं उत्तर

"गुरुजी, यंदा कुऱ्हाड पुचेंगच्या हाती देणार… हे खरं का?"

गुरू कुंगयी चुलीपुढे बसून खीर ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं."

"आणि मी?"

"तू झाडामागे बसशील. झाडाच्या वतीनं बोलशील."

शौझेनच्या अंगाचा तिळपापड झाला. पण मठात मोठ्यानं बोलायची चोरी, म्हणून त्यानं नुसते हात जोडले आणि तो बाहेर पडला.

उत्तर चीनमधल्या त्या डोंगरी मठात शौझेन सगळ्यात जुना शिष्य. सूत्रं तोंडपाठ, उपास कडक, चालणं असं की पायाखालच्या मुंगीनंही निर्धास्त असावं. पुचेंग म्हणजे कालचं पोर. गेल्या सुगीपर्यंत बाजारात तेल विकत होता. ध्यानाला बसला की पेंगायचा, आणि हसायला लागला की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची.

तरी गावातली माणसं त्याच्याच भोवती. आणि गुरुजी हल्ली त्याच्याशी बोलताना हसायचे. आपल्याशी बोलताना गुरुजी शेवटचं कधी हसले होते, ते शौझेनला आठवत नव्हतं. हेच त्याला उठता बसता टोचायचं.

तो दिवस होता चिनी वर्षातल्या शेवटच्या महिन्याच्या अष्टमीचा. तिकडच्या समजुतीप्रमाणे बुद्धाला बोध झाला तो दिवस. सुजातेनं त्याला भरवलेल्या खिरीची आठवण म्हणून मठात तांदूळ, कडधान्यं आणि सुकी बोरं घालून खीर शिजते आणि गावभर वाटली जाते. त्या मुलुखात आणखी एक रीत आहे. माणसांनी खाल्ली की झाडांनाही भरवायची. मठाच्या अंगणातल्या थोरल्या बोरीवर एक जण कुऱ्हाडीचा हलका घाव घालतो आणि विचारतो, "फळशील का?" दुसरा झाडामागून ओरडतो, "फळेन, फळेन!" मग त्या घावात खीर भरायची. तसं केलं की गावातल्या सगळ्या बोरी लगडतात म्हणे.

विचारायचा मान मठाधिपतीचा. पण गुरुजींचे हात आता थरथरू लागले होते. तेव्हा आज ज्याच्या हाती कुऱ्हाड, उद्या त्याच्या हाती मठ, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

दुपारी सगळा गाव अंगणात जमला. शौझेन झाडामागे उकिडवा बसला. ज्यानं पुढे उभं राहायचं तोच लपून बसलेला! आपल्याला रडू येईल की काय, असं त्याला वाटलं.

खट्.

"बोरीबाई, फळशील का?" पुचेंगनं विचारलं. घरच्या माणसाला जेवायला हाक मारावी तसं.

झाडामागे शांतता.

ऐकू गेलं नसेल, असं पुचेंगला वाटलं. पुन्हा खट्.

"फळशील का गं?"

…

शौझेननं ओठ गच्च मिटले होते. एकच शब्द बोलायचा होता. पण तो पुचेंगच्या पदरात पडणार होता, आणि तेवढं त्याला काही केल्या जमेना.

गावातल्या गेंग म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, झाड बोलेना! वर्ष फुकट गेलं म्हणायचं आमचं."

पुचेंग बुंध्याशी वाकला. "दादा," तो हळूच म्हणाला, "बरं वाटत नाही का?"

त्या मायेनं तर शौझेनच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. तो ताडकन उठला.

"झाडाला विचारणारा पसंत नाही!"

गुरुजी गर्दीतून पुढे आले.

"असं का?" गुरुजी म्हणाले. "मग कोण पसंत आहे?"

"मी!" त्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्याला थांबवेना. "इतकी वर्षं मी इथे झिजलो, गुरुजी. आणि मान याला? याला साधी मांडी घालून बसता येत नाही!"

"बरं."

गुरुजींनी पुचेंगच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि शौझेनच्या हाती दिली.

इतक्या सहज? शौझेन जरा गोंधळला. मग त्याची छाती फुगली. तो झाडासमोर येऊन उभा राहिला.

"मागे कोण बसणार, गुरुजी?"

"मघाशी कोण होतं?"

शौझेननं ते कानाआड केलं. त्यानं कुऱ्हाड उचलली. इतक्या दिवसांचा जळफळाट हातात उतरला. घाव साल फोडून आत गेला, पांढरं लाकूड उघडं पडलं. बोर शेंड्यापर्यंत हादरली.

"फळशील का?"

विचारलं झाडाला, पण नजर होती लोकांवर.

…

कोणी बोलेना. कोणाचं तरी पोर खोकलं, तेवढंच. शौझेनच्या कानशिलांवर घाम आला. समोरून उत्तर आलं नाही की माणूस किती उघडा पडतो, ते आता त्याला कळत होतं.

"फळेन! फळेन!"

आवाज झाडामागून आला. पुचेंग कधी तिकडे जाऊन बसला, कोणाला कळलंही नव्हतं. असा खणखणीत ओरडला, की फांद्यांवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

लोकांनी टाळ्या पिटल्या. गेंग म्हातारी तर डोळेच पुसायला लागली.

शौझेनला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुऱ्हाड मिळाली, उत्तर मिळालं, आणि टाळ्या मात्र झाडामागे गेल्या. हातात कुऱ्हाड धरूनही त्याला त्या तेलविक्याचाच हेवा वाटत होता. मत्सराचं पोट असं कधी भरतं होय!

गुरुजींनी खिरीचा वाडगा त्याच्यापुढे धरला. बाकीची सगळी वाटून झाली होती. तळाला एका घावापुरती उरली होती.

"भरव."

उरलेली खीर बोटांवर घेऊन शौझेन झाडाशी गेला. पुचेंगचे दोन्ही घाव म्हणजे सालीवर नुसते ओरखडे. त्याचा स्वतःचा मात्र चांगला बोटभर खोल. ज्याच्या घावात खीर, त्याचं विचारणं खरं आणि मठही त्याचाच, असं गाव धरून चालणार होतं. सगळ्यांच्या नजरा त्याच्या बोटांवर होत्या.

त्याचा हात आपल्या घावाकडे गेला… आणि थांबला. त्या पांढऱ्या लाकडाकडे त्याला बघवेना. मग त्यानं हात पुचेंगच्या ओरखड्यांकडे नेला, तर तेही मनाला पटेना. खीर बोटांवरच गार होत चालली.

गुरुजी खोलीकडे परत निघाले होते.

"गुरुजी," शौझेननं मागून हाक मारली. "कोणत्या घावात भरू? त्याच्या… की माझ्या?"

गुरुजी वळले. कितीतरी दिवसांनी शौझेनकडे बघून ते हसले.

"घाव बोरीचे आहेत. तिला विचार."