मिटल्या डोळ्यांचे महाराज

“डोळे उघडून बोलाल का, महाराज?”

डॉ. इरावती दाबके जरा तोऱ्यातच म्हणाली. मठाच्या ओसरीवर डोळे तपासायचं यंत्र मांडून तिला तीन तास झाले होते. गावात खैरनारांची सहा घरं. एकही माणूस तिच्याकडे फिरकला नव्हता.

सदानंदगिरी महाराज डोळे मिटूनच बसले होते. लोक म्हणत, तीस वर्षं ते समाधीत आहेत.

“तुला काय सापडलंय?”

“खैरनारांचा आनुवंशिक आजार. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात पांढरे कण साठतात. ऊन टोचतं, पुढे नजर धूसर होते. आईला किंवा वडिलांना असला, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. यांच्यातला एकजण शहरात माझ्याकडे आला होता. त्याच्याकडून चार पिढ्या लिहून घेतल्यात. मला सगळं समजलंय.”

“उपाय?”

“आहे. फारच धूसर झालं, तर पडदा बदलता येतो.”

“मग लोक का येत नाहीत?”

“अडाणीपणा!”



“पोरींची लग्नं ठरायची आहेत,” महाराज म्हणाले. “चारचौघांत कोण येऊन बसेल?”



महाराज उठले. चाचपडत यंत्राजवळ आले, स्टुलावर बसले, त्यांनी हनुवटी टेकवली आणि डोळे उघडले. दर्शनाला आलेली माणसं बघतच राहिली.

इरावतीनं भिंगातून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत कणच कण.

“महाराज… हे तर…”

“मोठ्यानं सांग.”

“तुम्हालाही तोच आजार आहे.”

महाराज लोकांकडे वळले. “संन्यास घेण्याआधी मीही खैरनारच होतो. मला उजेड सोसत नाही, म्हणून डोळे मिटतो. तुम्ही त्याला समाधी म्हणालात. मी गप्प बसलो… ते चुकलं माझं.”

कुणी हललं नाही.

मग खैरनारांतला एक म्हातारा काठी टेकत ओसरीखाली येऊन उभा राहिला. त्याच्या मागे त्याची सून. बघता बघता अंगणात रांग लागली. सर्वांत शेवटी एक मुलगी कपाळावर ओढणी पुढे ओढून उभी होती.

इरावती आजवर कुणाच्या पाया पडली नव्हती. ती वाकली.

“महाराज, उद्यापासून हे लोक तुम्हाला मानतील का?” तिनं हळूच विचारलं.

महाराजांनी डोळे किलकिले करून रांगेकडे पाहिलं आणि स्टूल रिकामं केलं.

“ती शेवटची पोर उन्हात उभी आहे. तिला आधी घे.”