नानासाहेबांचा लाल दिवा

नदीकाठच्या एका गावात लिंबाजी नावाचा साउंडवाला राहत होता. त्याच्याकडे एक डीजे मिक्सर होता आणि ज्यांच्या पोटातच अँप्लिफायर असतो असे दोन उंच स्पीकर होते. बारशापासून दहाव्यापर्यंत गावाचा सगळा आवाज त्याच्या हातातून जायचा.

लिंबाजीचा कान चांगला होता. आधी तो माइकवाल्याला चार वाक्यं बोलायला लावायचा. मिक्सरवरचे हिरवे दिवे नाचू लागले, मधूनच एखादा पिवळा चमकला, की गेनच्या, म्हणजे माइकचा आवाज वाढवायच्या, बटणावरचा हात तिथेच थांबायचा. मग स्पीकरच्या पाठीमागची बटणं थोडी थोडी वाढवायची. मग मंडपाच्या शेवटी, लोक चपला काढतात तिथे जाऊन उभं राहायचं. 'स' आणि 'श' वेगळे ऐकू आले तरच परत यायचं. पिवळ्याच्या वर एक लाल दिवा होता. तो लागला म्हणजे आवाज मिक्सरमध्येच फाटला. फाटलेला आवाज स्पीकर सांधत नाही. तो फाटलेलंच मोठ्याने ऐकवतो.

याच गावात नानासाहेब नावाचे पुढारी होते. चाळीस वर्षं राजकारणात काढली, पण लाल दिव्याची गाडी काही त्यांच्या दारात आली नाही. पुढे गाड्यांवरचे दिवेच बंद झाले आणि ती आशाही मिटली. एकदा भाषण करताना त्यांची नजर मिक्सरवर गेली. आपण ओरडलो की लाल दिवा लागतो, हे त्यांना दिसलं.

"हा कशाचा रे?" त्यांनी विचारलं.

"आवाज जास्त झाला की लागतो, नाना."

"माझ्याच वेळी लागतो?"

"तुमच्या आवाजात जोर आहे ना," लिंबाजी म्हणाला.

इथेच तो चुकला. खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. त्याने एका गोड वाक्यात भागवलं.

त्या दिवसापासून हुकूम सुटला. मिक्सर स्टेजवर, नानासाहेबांना दिसेल असा ठेवायचा. ते बोलतील तोवर दिवा लाल राहिला पाहिजे. बाकी कुणाच्या वेळी तो दिसता कामा नये. पहिल्या रांगेतली म्हातारी मंडळी माना डोलवायची. त्यांना शब्द कळत नव्हता, पण दिवा दिसत होता. मोठ्यांना उलट बोलायचं नसतं, हे मोठ्यांनीच ठरवलेलं असतं, आणि त्याला संस्कार म्हणतात. लिंबाजी संस्कारी होता. नाना उभे राहिले की तो बटण उजवीकडे पिळायचा आणि आपला कान मिटून घ्यायचा.

गावालाही सवय झाली. स्पीकर घरघरायला लागले की लोक म्हणायचे, नानांचं चाललंय. आणि आपापल्या कामाला लागायचे.

लिंबाजीची धाकटी बहीण गया गावातच दिलेली होती. उन्हाळ्यात नदी आटली की ती आणि तिचा नवरा म्हसू पात्रात कलिंगडाचे वेल लावायचे आणि तिथेच खोप घालून राहायचे. दोन पोरं गावातल्या घरी सासूजवळ असायची. खोपीत वीज नव्हती, म्हणून मोबाईलही घरीच चार्जिंगला असायचा.

वैशाखात नानासाहेबांची पंच्याहत्तरी घाटावर साजरी झाली. सकाळची वेळ होती. हारतुरे चालू असताना कोतवालाला धरणावरून फोन आला. तासाभरात पाणी सोडणार होते. पात्रातली माणसं बाहेर काढायला सांगितलं होतं. कोतवालाने सायकल उचलली.

"निघालास कुठं?" नानांनी विचारलं.

"पात्रात. पाणी सुटतंय, खाली माणसं आहेत."

"माइक असताना सायकल कशाला? बस खाली. मी सांगतो."

नाना उभे राहिले. गया आणि म्हसू घाटापासून अर्ध्या कोसावर होते. आज शब्द पोचायलाच हवा होता. त्याने बटण डावीकडे फिरवलं. आता लाल दिवा लागणार नव्हता. "ऐका," नाना म्हणाले, आणि तो एक शब्द पलीकडच्या काठापर्यंत स्वच्छ गेला.

नाना थांबले. त्यांनी माइकवर हात ठेवला.

"लिंब्या, दिवा गेला."

"आज राहू द्या, नाना. शब्द कळेल लोकांना."

"म्हणजे एरवी माझं कळत नाही?"

पहिली रांग हसली. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "अरे, पंच्याहत्तरीच्या दिवशी तरी माणसाचा दिवा मालवू नये."

लिंबाजीच्या हातात तेव्हा एक बटण होतं, बाकी काही नाही. ते तसंच राहू दिलं असतं तर फार तर चार शिव्या बसल्या असत्या. त्याने ते उजवीकडे पिळलं.

नानांनी तीन वेळा इशारा दिला. तिन्ही वेळा दिवा लालभडक होता. स्पीकरांतून एक घोंगावणं निघालं, घाटाच्या पायऱ्या उतरलं आणि पात्रभर पसरलं. लिंबाजीने कान मिटायचा प्रयत्न केला, पण आज तो मिटेना. 'पाणी' हा शब्द त्या घोंगावण्यात कुठेच नव्हता. तीनदा झालंय, एकदा तरी कळलं असेल, असं त्याने मनाला सांगितलं. कोतवाल बसून राहिला. पुढचा हार पुढे आला.

पाणी ठरल्या वेळेला आलं. वेलांतून माणसं धावत सुटली. गया काठाला लागली. म्हसू पाणी ओढायचं इंजिन सोडवायला मागे राहिला. हातात तासभर असता तर दोघांनी मिळून ते सावकाश वर आणलं असतं. म्हसू दुपारी सापडला, खालच्या बंधाऱ्याला अडकलेला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. "मी स्वतः तीनदा जाहीर केलं," नानासाहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं. पहिल्या रांगेने साक्षीच्या सह्या केल्या. सूचना मिळूनही पात्रात थांबला, असा ठपका मेलेल्या म्हसूवर बसला. लिंबाजीला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

तिथून तो बहिणीकडे गेला. ती भिंतीला टेकून बसली होती.

"आवाज आला होता, दादा," ती म्हणाली. "हे म्हणाले, नानांचं चाललंय. आम्ही फळं खुडत बसलो."

लिंबाजी तिच्यासमोर खाली बसला.

"मशीनवर तूच होतास ना?"

"होतो."

"तुला तरी कळत होतं का, ते काय बोलतायत?"

"नव्हतं कळत."

"मग सांगितलं नाहीस?"

"मोठ्या माणसाला कसं सांगायचं, गया?"

गयाने आतल्या खोलीकडे बोट केलं.

"मग लहानांना सांग," ती म्हणाली. "दोघं आत बसलीत. बाप कधी येणार म्हणून सकाळपासून विचारतायत."

तात्पर्य: मोठ्या माणसाचा आवाज फाटत असेल तर तो त्याच्या तोंडावर कमी करावा. त्याचा मान राखायला जो आपला कान मिटतो, तो आपल्याच माणसांना बुडवतो.